बोगदा, डॉक्टर आणि सरकार

मँचेस्टर आणि शेफिल्ड ही इंग्लंडच्या उत्तरेकडील दोन उद्योगनगरे. एक कापसाचे, दुसरे पोलादाचे. नकाशावर ती जवळजवळ दिसतात. परंतु त्यांच्यामध्ये पेनाइन्स ही उजाड, वाऱ्यापावसाने झोडपलेली डोंगररांग आडवी पसरली आहे. १८३८च्या सुमारास या दोन नगरांना लोहमार्गाने जोडण्याचे काम सुरू झाले, तेव्हा डोंगराच्या पोटातून तीन मैलांहून थोडा अधिक लांबीचा बोगदा खणणे क्रमप्राप्त ठरले. वुडहेड नावाच्या वस्तीजवळचा हा बोगदा १८४५च्या डिसेंबरात वाहतुकीला खुला झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये एवढा लांब रेल्वे-बोगदा दुसरा नव्हता. आरंभी चार्ल्स व्हिन्योल्स व नंतर जोसेफ लॉक या दोन ख्यातनाम अभियंत्यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत.

बोगदा ज्यांनी खणला, त्यांच्याविषयी आम्हांला चार शब्द लिहावयाचे आहेत. त्यांचे वैभव सांगण्यासारखे काही नाही. तथापि बांधकामावरील मजुराच्या जिवाला किंमत असते, ती किंमत कोणीतरी मोजली पाहिजे आणि ती मोजण्यासाठी सरकार व जाणकार मंडळी यांनी एकत्र बसले पाहिजे, ही कल्पना आधुनिक काळात ज्या काही मोजक्या ठिकाणी स्पष्ट आकाराला आली, त्यांत या ओसाड माळरानाची गणना करावी लागते.

माळरानावर गाव नव्हते. काम ऐन भरात असताना तेथे हजार ते दीड हजार मजूर होते. चुना न वापरता एकावर एक रचलेल्या दगडांच्या भिंती आणि वर रानगवताचे छप्पर अशा खोपटांत ही माणसे राहत. पगार आठवड्याला मिळत नसे. कधी कधी तो नऊ नऊ आठवड्यांनी होई. मधल्या काळात पोट भरण्यासाठी उधारीच्या चिठ्ठ्या मिळत, आणि त्या चिठ्ठ्या चालत त्या दुकानातला माल महाग व हलका असे. पगार झाला की दारूला ऊत येई. पगाराच्या दिवसानंतर काही दिवस काम जवळजवळ थांबतच असे.

बोगद्याच्या मार्गावर डोंगरमाथ्यावरून पाच उभ्या विहिरी खाली उतरविल्या होत्या. त्यांतील काहींची खोली पाचशे फुटांपेक्षा अधिक होती. मजुरांना बादल्यांतून खाली सोडीत. खाली पाणी पाझरत असे आणि सुरुंगाचा धूर लवकर बाहेर जात नसे. या एका बोगद्यासाठी १५७ टन बंदुकीची दारू वापरली गेली. खडकात भोक पाडायचे, त्यात दारू भरायची आणि सळईने ती ठासायची, अशी पद्धत. सळई लोखंडाची असेल तर खडकावर घासून ठिणगी पडे आणि ठासणाऱ्याच्या तोंडावरच सुरुंग उडे. तांब्याची सळई वापरल्यास ठिणगी पडत नाही, हे त्या काळीही सर्वांस ठाऊक होते. पण तांबे महाग आणि मऊ; सळई लवकर झिजते. म्हणून लोखंड चालू राहिले.

त्या भागात हेन्री पॉम्फ्रेट नावाचे एक शस्त्रवैद्य होते. मजुरांनी आपल्या मजुरीतून थोडी थोडी वर्गणी काढून आजारीपणासाठी एक निधी जमविला होता, त्यातून या डॉक्टरांचा मेहनताना दिला जाई. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की जखमा रेल्वे कंपनीच्या कामावर होत, आणि मलमपट्टीचा खर्च जखमींच्या खिशातून होई! पॉम्फ्रेट यांनी आपल्या हातून गेलेल्या रुग्णांचा हिशेब ठेवला, आणि तोच पुढे कामी आला. बोगद्याच्या कामावर ठार झालेले ३२. हाड मोडून कातडीबाहेर आलेल्या दुखापती २३. साधे अस्थिभंग ७४. भाजणे, सुरुंगाचा मार, चेंगरणे वगैरे धरून गंभीर जखमी १४०. कोणाचे डोळे गेले होते, कोणाचा पाय, कोणाचा हात.

येथे आम्हां धर्मगुरूंना थोडे थबकावेसे वाटते. आमच्या चर्चच्या मृत्युनोंदवहीत मृताचे नाव, वय, तारीख, संस्कार दिले की नाही, दफन कोणी केले, हे सारे काळजीपूर्वक लिहिलेले असते. परांचीवरून पडून गेला की तापाने गेला, हे मात्र बहुधा तिला ठाऊक नसते. वुडहेडच्या मजुरांविषयी बोलणारे धर्मोपदेशकही इंग्लंडात त्या काळी पुष्कळ होते. त्यांनी दारू मोजली, शिव्या मोजल्या, विवाहाविना एकत्र राहणारी जोडपी मोजली. त्यांचे म्हणणे खोटे होते असे नाही. परंतु मोडलेली हाडे मोजण्याचे काम डॉक्टरांनी केले, आणि कायद्याला जाग आणण्यासाठी तीच मोजणी उपयोगी पडली.

पॉम्फ्रेट यांची माहिती मँचेस्टरचे शस्त्रवैद्य जॉन रॉबर्टन यांच्या हाती आली. रॉबर्टन हे मँचेस्टर स्टॅटिस्टिकल सोसायटीचे धुरीण होते. डॉक्टर, व्यापारी, बँकवाले, शिक्षणाविषयी आस्था असलेले नागरिक अशा मंडळींनी १८३३ साली स्थापन केलेली ही संस्था. समाजाचे दुखणे आकड्यांत मांडले म्हणजे त्यावर औषध शोधता येते, अशी तिची श्रद्धा होती. रॉबर्टन यांनी स्वतः माळरानावर जाऊन खोपटी पाहिली. रॉबर्ट रॉलिन्सन या अभियंत्याने बांधकामातील गैरव्यवस्था कशी टाळता येईल यावर टिपण दिले. आणि सार्वजनिक आरोग्याच्या चळवळीत ज्यांचे नाव इंग्लंडभर झाले होते, त्या एडविन चॅडविक यांनी साऱ्याचे सार काढून एक निबंध तयार केला. १८४६च्या जानेवारीत तो सोसायटीपुढे वाचला गेला. एक डॉक्टर, एक अभियंता आणि एक प्रशासक अशी ही त्रयी होती. कोणा एकाने हे केले असते तर ते तक्रार म्हणून बाजूला पडले असते.

चॅडविक यांनी मांडलेला एक हिशेब त्या वेळी फार गाजला. वुडहेडच्या कामावर शेकडा तीनहून अधिक माणसे मेली व शेकडा चौदा जखमी झाली. उलट टालाव्हेरा, सालामांका, व्हिटोरिया व वॉटर्लू या चार लढायांत साध्या शिपायांतील मृतांचे प्रमाण शेकडा २.११ होते. अर्थात लढाई एका-दोन दिवसांची आणि बोगदा सहा वर्षांचा, तेव्हा तुलना अगदी काटेकोर नव्हे, असा आक्षेप कोणीही घेऊ शकेल आणि आम्हांलाही तो रास्त वाटतो. पण वेलिंग्टनच्या विजयाने भारावलेल्या इंग्लंडला जागे करण्यास तो पुरेसा होता. ठेकेदार थॉमस निकल्सन यांनी उत्तरादाखल पुस्तिका छापून आरोप खोडण्याचा यत्न केला. वाद वृत्तपत्रांत गेला आणि वृत्तपत्रांतून संसदेत.

१८४६ सालीच हाउस ऑफ कॉमन्सने रेल्वे-मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी निवडक सदस्यांची समिती नेमली. एडवर्ड प्लेडेल बूव्हरी हे तिचे अध्यक्ष. तो काळ रेल्वेच्या वेडाचा होता. देशभर सुमारे दोन लाख माणसे लोहमार्गांच्या कामावर राबत होती. समितीपुढे डॉक्टर आले, ठेकेदार आले, अभियंते आले, धर्मोपदेशक आले, मजूरही आले. वुडहेडचे निवासी अभियंता वेलिंग्टन पर्डन यांना विचारण्यात आले की, सुरुंगासाठी अधिक सुरक्षित प्रकारची वात वापरणे बरे नव्हते काय? त्यांचे उत्तर इतिहासात राहिले. बरे असेलही, परंतु तिच्यात वेळ फार जातो, आणि वाचतील त्या थोड्या जिवांसाठी तेवढा वेळ दवडावा अशी शिफारस आपण करणार नाही, अशा आशयाचे ते उत्तर होते. पर्डन हे काही क्रूर गृहस्थ नव्हते. आपल्या धंद्याची रीत ते प्रामाणिकपणे सांगत होते, आणि म्हणूनच ते उत्तर वाचताना अंगावर काटा येतो. आयझम्बार्ड ब्रुनेल यांच्यासारख्या थोर स्थापत्यकाराचीही दृष्टी फार वेगळी नव्हती. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कामावरून बाथच्या रुग्णालयात दाखल झालेल्या १३१ जखमींची यादी त्यांच्यापुढे ठेवली असता, कामाचा पसारा व दारूचा साठा पाहता ही संख्या थोडीच म्हणावी लागेल, असा अभिप्राय त्यांनी दिला होता.

उलट बाजूचे साक्षीदारही होते. सॅम्युएल मॉर्टन पेटो या मोठ्या ठेकेदाराने सांगितले की आपण मजुरी रोख व वेळेवर देतो, चिठ्ठीची दुकाने चालवीत नाही, आणि काम त्यामुळे अडत नाही. सर्वांत परिणामकारक दाखला मात्र फ्रान्सचा होता. पॅरिस ते रुआँ हा लोहमार्ग १८४३ साली पुरा झाला. त्याचे अभियंता जोसेफ लॉकच, आणि ठेकेदार ब्रासी व मॅकेन्झी हेही ब्रिटनचेच. पण फ्रेंच नागरी संहितेनुसार कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाला करून द्यावी लागे. एखादा मजूर मेला तर विधवेला पैसे द्यावे लागत. तेव्हा तेच इंग्रज लोक फ्रान्सच्या भूमीवर अधिक जपून काम करीत! चॅडविक यांचा सारा युक्तिवाद यावर उभा होता. माणसे तीच, कसब तेच; फरक पडला होता तो नुकसान कोणाच्या खात्यावर लिहिले जाते यामुळे.

समितीचा अहवाल १८४६च्या जुलैत आला. अपघाताची जबाबदारी प्रथमदर्शनी मालकावर टाकावी, मजुरी रोख द्यावी, मजुरांच्या निवासाची व्यवस्था नीट आहे की नाही हे पाहिल्याविना काम सुरू होऊ नये, अशा त्याच्या शिफारशी. पण जूनच्या अखेरीस पील यांचे मंत्रिमंडळ धान्यकायद्याच्या वादळात कोसळले होते. अहवालावर सभागृहात चर्चा झालीच नाही. त्याच वर्षी अपघाती मृत्यूंविषयीचा एक कायदा मात्र झाला. दुसऱ्याच्या निष्काळजीपणाने मेलेल्या माणसाच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला. परंतु सोबतच्या कामगाराच्या चुकीने अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही, असे न्यायालयांचे १८३७पासूनचे धोरण होते, आणि बोगद्यातल्या बहुतेक अपघातांत चूक सोबत्याचीच ठरविता येई. दरम्यान वुडहेडला दुसऱ्या बोगद्याचे काम सुरू झाले. त्या कामावर १८४९ साली पटकीची साथ आली आणि २८ मजूर दगावले.

आता आपल्याकडे वळू. १८४६चा तो अपघाती मृत्यूंचा कायदा १८५५ साली हिंदुस्थानात आला. त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५६च्या जानेवारीत, जी.आय.पी. रेल्वेने भोरघाटाचे काम हाती घेतले. कर्जत-खंडाळ्याच्या मार्गाने पुण्याला जाणाऱ्या प्रत्येक वाचकाने ते बोगदे मोजले असतील, मूळचे पंचवीस. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढण. जेम्स बर्कले हे मुख्य अभियंता. कड्यावर उभे राहण्यास जागा नसे, तेथे मजुरांना दोरांनी सोडून सुरुंगाची भोके पाडीत. १८६१च्या आरंभी घाटात ४२ हजारांच्या वर माणसे कामावर होती. वुडहेडच्या कितीतरी पट! अपघात होतेच, परंतु पटकी व ताप यांनी त्याहून अधिक माणसे नेली. इतिहासकारांचे अंदाज हजारांत मोजले जातात. पहिला ठेकेदार विल्यम फॅविएल. त्याच्या हाताखालच्या लोकांनी मजुरी थकविली म्हणून १८५९च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला. सरकारने चौकशी केली, फॅविएलने काम सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात उतरल्यावर काही आठवड्यांतच रोगाने मरण पावला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालविला. १८६३च्या एप्रिलात घाट खुला झाला.

भोरघाटाच्या दंग्यानंतर १८६० साली एक कायदा झाला, त्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. रेल्वे, कालवे व सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तंट्यांचा दंडाधिकाऱ्याने झटपट निवाडा करावा, असे त्यात होते. तसेच करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेची तरतूदही होती. पगाराचा प्रश्न सरकारला दिसला, कारण पगारासाठी लोक दगड हाती घेतात. अपघातात मेलेला माणूस दंगा करीत नाही. मँचेस्टरला जशी डॉक्टर व आकडेवाल्यांची मंडळी माळरानावर चढून गेली, तशी कोणी मुंबईहून घाटात चढून गेली असती, तर आपला इतिहास थोडा निराळा लिहिला गेला असता असे आम्हांस वाटते.

इंग्लंडात १८४६च्या शिफारशींना फळ येण्यास अर्धे शतक लागले. १८८० साली मालकांच्या जबाबदारीचा अर्धामुर्धा कायदा झाला. १८९१मध्ये पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे परिपत्रक निघाले, हे वाचकांना ठाऊकच आहे. १८९७ साली जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने कामगार भरपाईचा कायदा संमत झाला आणि त्यात रेल्वे, खाणी व कारखान्यांसमवेत तीस फुटांहून उंच इमारतींच्या बांधकामाचाही समावेश झाला. चॅडविक यापूर्वी सात वर्षे, १८९० साली निवर्तले होते. भारतात तशा प्रकारचा भरपाईचा कायदा १९२३चा.

मात्र भरपाई म्हणजे माणूस मेल्यावरचा हिशेब. अपघात होण्याआधी कोणी कोणाशी बोलावे, हा प्रश्न पुढच्या शतकाने सोडविला. १९७२ साली लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीने ब्रिटिश सरकारला अहवाल दिला. १९६६ साली अ‍ॅबरफॅन येथे कोळशाच्या मातीचा ढीग शाळेवर घसरून ११६ मुलांसह १४४ माणसे गाडली गेली, तेव्हा राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष हेच रॉबेन्स होते. त्यांच्याच अहवालावरून १९७४चा सुरक्षा कायदा व्हावा, ही नियतीची अजब लीला म्हणावी. त्या कायद्याने स्थापन झालेल्या आयोगात मालकांचे, कामगार संघटनांचे व स्थानिक संस्थांचे प्रतिनिधी सरकारसह एका मेजाभोवती बसू लागले. १९९५पासून लागू झालेल्या नियमांनी त्यापुढची पायरी गाठली. बांधकामाचा आराखडा काढणाऱ्या अभियंत्यावर व वास्तुविशारदावरही कायद्याने जबाबदारी आली. खिडकी कोठे ठेवायची हे ठरविताना ती पुसणारा माणूस कोठे उभा राहील, याचा विचार आराखड्यातच करावयाचा. पर्डन आणि ब्रुनेल यांच्या व्यवसायाला दीडशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. २०१२च्या लंडन ऑलिंपिकची मैदाने व इमारती उभारताना सुमारे आठ कोटी मनुष्य-तास काम झाले आणि एकही मजूर दगावला नाही. कामाच्या जागीच आरोग्यकेंद्र होते, त्यात डॉक्टर व परिचारिका होत्या, आणि त्यांच्या फीसाठी मजुरांना वर्गणी काढावी लागली नाही.

आपल्या देशात १९६६च्या ४ मार्च रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन केली. ४ मार्च हा सुरक्षा दिन पाळतात तो त्यामुळेच. १९७० साली अभियंते व वास्तुविशारद यांच्या साहाय्याने राष्ट्रीय इमारत संहिता तयार झाली. तिच्यात बांधकामावरील सुरक्षेचा स्वतंत्र भाग आहे. परंतु १९४८चा कारखाना कायदा बांधकाम-मजुराला लागू नव्हता, आणि संहिता वाचणारा माणूस परांचीवर चढत नाही. १९८५ साली न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली बांधकाम-मजुरांसाठी केंद्रीय कायदा व्हावा म्हणून राष्ट्रीय मोहीम समिती निघाली. कायदेपंडित व कामगार कार्यकर्ते यांच्या दहा-अकरा वर्षांच्या खटपटीनंतर १९९६ साली कायदा झाला. पाचशे किंवा अधिक मजूर असतील तेथे सुरक्षा समिती व सुरक्षा अधिकारी नेमावा, इमारतीच्या खर्चावर उपकर घ्यावा, त्यातून मंडळाने मजुरांचे कल्याण करावे, अशी त्याची योजना. महाराष्ट्राचे मंडळ २०११ साली अस्तित्वात आले. २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या अंमलबजावणीवर निकाल दिला, त्यातील आकडे असे : देशभर जमलेला उपकर सुमारे ३७,४०० कोटी रुपये, मजुरांसाठी खर्च झालेला सुमारे ९,५०० कोटी. काही ठिकाणी त्या पैशांतून लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे घेतली गेल्याचेही न्यायालयापुढे आले होते. पॉम्फ्रेट यांच्या काळी निधी मजुरांचा होता आणि तो मजुरांवरच खर्च होत असे, हे ओघाने आठवते.

१९९६चा कायदा आता २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती संहिता २०२५च्या नोव्हेंबरपासून अमलात आली आहे. सुरक्षा अधिकाऱ्यासाठी मजुरांची संख्या पाचशेवरून अडीचशेवर आली, हे चांगले झाले. मात्र स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराला पूर्वी दहा लाख रुपये खर्चापर्यंत सूट होती, ती आता पन्नास लाखांपर्यंत गेली आहे. दहापेक्षा कमी मजूर असलेले कामही पूर्वीप्रमाणेच कायद्याबाहेर. आपल्या पॅरिशमधून जुनी कौलारू घरे पाडून जे दुमजली बंगले उठतात, त्यांतले बरेचसे या दोन्ही मर्यादांच्या आत बसतात. तेथे एक गवंडी, चार-सहा बिगारी आणि बांबूची परांची असते. समिती नसते, अधिकारी नसतो, उपकर नसतो. पट्टा आणि टोपी द्यायची की नाही, हे तेथे मुकादम आणि घराचा मालक हे दोघेच ठरवितात.